योगक्षेम आणि पाण्याचे दोन क्रेट (गीता ९.२२)



काल आपण नवव्या अध्यायातला एकविसावा श्लोक पाहिला. पुण्याची शिल्लक संपली की स्वर्गातूनही परत खाली यावं लागतं, असा त्याचा आशय. आज बाविसावा. हा श्लोक पाठ नसला तरी त्याचा शेवट तुमच्या कपाटातल्या एखाद्या फाइलवर छापलेला असेल. एलआयसीच्या बोधचिन्हाखालचं संस्कृत वाक्य इथलंच. मुंबईतल्या त्यांच्या मुख्य इमारतीचं नावही ‘योगक्षेम’.

भगवंत म्हणतात, जे अनन्य होऊन माझं चिंतन करतात, कायम माझ्याशी जोडलेले राहतात, त्यांचा योगक्षेम मी वाहतो. जे नाही ते मिळणं म्हणजे योग, आणि जे आहे ते टिकणं म्हणजे क्षेम. शंकराचार्यांच्या भाष्यात हाच अर्थ आहे.

इंजिनिअरिंगला असताना या गोष्टीवर आम्ही मित्र जाम हसायचो. देव सांगतो मी वाहतो, आणि ते वाक्य कुणी घेतलं, तर विमा विकणाऱ्यांनी! देवावर पूर्ण भरवसा असलेला माणूस हप्ता भरेल कशाला? तेव्हा तो विनोद होता. पुढे एकदा तो प्रश्न म्हणून माझ्यासमोर उभा राहिला, आणि परवा सोमवारी तोच प्रश्न मला फोनवरून कुणीतरी विचारला.

मामेभाऊ गेल्या ऑगस्टमध्ये एमएस करायला ह्यूस्टनला गेलाय. म्हणाला, “दादा, उद्या इथे बर्फ पडणार म्हणतायत. दुकानात ही एवढी रांग आहे. मी काय करू, नाम घेत झोपू की रांगेत उभा राहू?” अर्धी थट्टा होती, पण अर्धीच. मंगळवारी, २१ जानेवारीला, बर्फ पडलाच. मेक्सिकोच्या आखाताच्या त्या किनाऱ्याला हिमवादळाचा तसला इशारा याआधी कधी दिलाच गेला नव्हता. न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच बर्फ साचला. त्या गावाला पूर आणि चक्रीवादळं ठाऊक आहेत, बर्फ नाही.

त्याला मी जे उत्तर दिलं ते फेब्रुवारी २०२१ मधलं आहे. तेव्हा मी डॅलसजवळ राहत होतो. बायको, दोन वर्षांची मुलगी आणि मी, दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट.

आम्ही वटारची माणसं. पंधरा-सोळा अंशांवर पारा उतरला की आमच्याकडे शेकोटी पेटते आणि कानटोप्या बाहेर येतात. टेक्सासचे लोक त्या बाबतीत आपल्यासारखेच. उन्हाळ्याची त्यांना भीती नाही, सगळी घरं त्याच हिशेबाने बांधलेली. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून, नाहीतर छपराखालच्या पोकळीतून नेलेले, कित्येक ठिकाणी त्यांच्यावर धड आवरणही नाही. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. पाइप फुगत नाही, फुटतो. मिनेसोटातल्या घरात हे होत नाही, कारण तिथे बांधणाऱ्याला हिवाळा माहीत असतो.

हवामान खात्याने चार-पाच दिवस आधीपासून सांगायला सुरुवात केली होती. शनिवारी मी दुकानात गेलो. त्याआधी घरी एक्सेल शीट केली होती, खोटं कशाला बोलू. माणसं तीन, दिवस चार, माणशी रोज इतकं पाणी, इतक्या कॅलरी, वर वीस टक्के बफर. ऑफिसात सर्व्हरची क्षमता ठरवताना करतो अगदी तसंच. ब्रेडचा रॅक रिकामा होता. पाण्याचे दोनच क्रेट उरले होते. मी दोन्ही ट्रॉलीत टाकले. मागे एक बाई होती, कडेवर बाळ. तिने क्रेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मोबाइल काढून शीट तपासल्यासारखं केलं.

माझ्या शीटनुसार आम्हाला एकच क्रेट लागत होता. दुसरा बफर.

रविवारी संध्याकाळी बर्फ सुरू झाला आणि दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक आजी. आजी म्हणतोय, पण तोवर पार्किंगमध्ये मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. त्या मूळच्या मिनेसोटाच्या. कोविडचे दिवस, त्यामुळे मास्क लावून चार हात लांब उभ्या राहिल्या आणि भराभर सांगत गेल्या. सगळे नळ बारीक धारेने चालू ठेवा, पाणी हलतं राहिलं की पाइप सहजी गोठत नाही. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब पाइपला लागेल. बाथटब आत्ताच भरून ठेवा. आणि काही झालं तरी कोळशाची शेगडी घरात पेटवू नका, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसू नका. एवढं बोलून त्या पुढच्या दारावर गेल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये बारा घरं होती. बाराही दारं त्यांनी वाजवली, तेही निसरड्या जिन्यावरून.

शेवटची सूचना मला अतिशयोक्ती वाटली होती. नंतर कळलं की त्या आठवड्यात टेक्सासात कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली, ती अशीच, ऊब शोधताना.

सोमवारी मध्यरात्रीनंतर वीज गेली. मंगळवारी सकाळी डॅलस विमानतळावर उणे १९ सेल्सिअस होतं. राज्यभरात ४५ लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात गेली.

इथे थोडं ग्रीडबद्दल सांगतो, कारण माझ्या डोक्यात आजचा श्लोक आणि ते ग्रीड एकत्रच बसलंय. अमेरिकेत विजेची मोठी जाळी दोन, पूर्वेचं आणि पश्चिमेचं. टेक्सासच्या बहुतेक भागाचं मात्र स्वतःचं वेगळं जाळं आहे, शेजाऱ्यांशी अगदी बारीक धाग्यांनी जोडलेलं. स्वतःचं स्वतः बघू, हा तिथला बाणा. त्या रात्री वायूच्या विहिरी गोठल्या, वायू कमी पडला म्हणून वीजकेंद्रं बंद पडली, वीज कापली तेव्हा वायू पुढे ढकलणारे काही पंपही बंद झाले, म्हणून वायू आणखी कमी. प्रोग्रॅमरना असलं वर्तुळ ओळखीचं असेल. फ्रिक्वेन्सी ६० वरून ५९.३ हर्ट्झपर्यंत घसरली. ती ५९.४ च्या खाली नऊ मिनिटं राहिली असती तर संयंत्रं आपोआप सुटत गेली असती आणि अख्खं जाळं कोसळलं असतं, मग ते उभं करायला कदाचित आठवडे लागले असते. चार मिनिटं ३७ सेकंद उरले असताना ती सावरली. शेजाऱ्यांकडून मोठी मदत घ्यायला तारच नव्हती. त्याच राज्यात पश्चिम टोकाला एल पासो आहे, ते पश्चिमेच्या जाळ्यात. तिथल्या लोकांनी २०११ च्या थंडीचा धडा घेऊन यंत्रांना थंडीचं संरक्षणही केलं होतं. तिथे फारसा अंधार झाला नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत असंच झालं होतं, हे वाचलं तेव्हा मी सुन्न झालो. केंद्रीय यंत्रणांनी चौकशी केली, यंत्रं थंडीसाठी सज्ज करा असं लिहून दिलं. ती शिफारस होती, सक्ती नव्हती. दहा वर्षांत एकदा येणाऱ्या थंडीसाठी पैसे कोण घालणार? २०२१ नंतर कायदा झाला. सरकारी मोजणीप्रमाणे तोवर २४६ माणसं गेली होती. मला यात कुणी खलनायक दिसत नाही, आणि तेच जास्त टोचतं. तयारीचं काम असंच असतं: नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचं बिल पास करायला कुणी तयार नसतं. आमच्या ऑफिसात बॅकअप तपासायचं काम कायम पुढच्या स्प्रिंटमध्ये जातं, तसंच.

आता माझी गोष्ट. सोमवारी दुपारपर्यंत फ्लॅट आठ-नऊ अंशांवर आला. घरात वीस पाउंड तांदूळ, चार प्रकारच्या डाळी, आईने पाठवलेला मसाला. आणि शेगडी विजेची! एक्सेलमध्ये कॅलरी होत्या, त्या शिजवायच्या कशावर हा रकाना नव्हता. तिघं एका गादीवर, अंगावर घरातली सगळी अंथरुणं. पोरीला कोरडं धान्य चघळायला देता येत नाही. बिस्किटं आणि गार दूध.

आईचा व्हॉट्सअॅप कॉल आला. बॅटरी वाचवायची म्हणून मी घाईत होतो. मला वाटलं विष्णुसहस्रनाम म्हण म्हणेल, नवस बोलेल. ती म्हणाली, “बरं, शेजारी कोण आहे रे तुझ्या?”

मी म्हटलं, “खाली एक म्हातारी बाई आहे.”

“मग बघून आलास?”

“जातो,” म्हटलं आणि ठेवला. गेलो नाही. त्यांना कोविड असेल तर? त्यांनी पाणी मागितलं तर? त्यांना वर आणावं लागलं तर चौघांना पांघरूण कुठे आहे? अशी कारणं मी रात्रभर रचत होतो. सगळी कारणं खरी होती. माझा क्रेट मात्र एक अख्खा न फोडलेला तसाच होता, हेही खरं.

पहाटे झोप लागेना म्हणून मनात नववा अध्याय म्हणत होतो. आजीने लहानपणी पाठ करून घेतलाय. बाविसाव्या श्लोकाशी आलो आणि ‘अनन्य’ शब्दावर अडलो. त्याचा अर्थ मी नेहमी ‘दुसऱ्या कुठल्या देवाकडे न जाणारा’ असा लावत आलो होतो. म्हणजे निष्ठेची अट. पण आचार्य त्याचा अर्थ ‘वेगळा न राहिलेला’ असाही करतात. ज्याला परमात्म्याहून आपण वेगळे वाटत नाही, तो. मग खालच्या मजल्यावर जे आहे ते माझ्याहून वेगळं कसं? मी दिवसभर ‘तीन माणसं’ मोजत होतो. त्या बाईंनी त्याच बिल्डिंगमध्ये बारा दारं मोजली होती. आम्ही दोघांनीही तयारीच केली होती. रांगेत उभं राहायचं की नाम घ्यायचं, हा प्रश्न मला त्या क्षणी फार पोरकट वाटला.

आणि दुसरा शब्द ‘वाहतो’. कीर्तनात ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एका पंडिताला वाटलं, देव स्वतः ओझं कसं वाहील, तो फार तर देईल. म्हणून त्याने पोथीतला ‘वाहतो’ खोडून ‘देतो’ केलं. त्याच दिवशी त्याच्या उपाशी घरी दोन पोरं धान्याची पोती डोक्यावर घेऊन आली, अंगावर ओरखडे. दुरून पाठवता येतं ते देणं. वाहायला पाठ लागते. ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकावर लिहिताना पंख न फुटलेल्या पिल्लांसाठी जगणारी पक्षीण आणली आहे, आणि तान्ह्यापायी स्वतःची तहानभूक विसरणारी आई. त्या पक्षिणीलाही चोचीत दाणा धरून उडतच घरट्यात यावं लागतं.

मंगळवारी सकाळी मी खाली गेलो. दार बंद. वाजवलं, उत्तर नाही. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथे लिहीत नाही.

त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये होत्या. ज्या मेक्सिकन कुटुंबाशी आमचं फक्त गाडी लावण्यावरून एकदा वाजलं होतं, ते सोमवारी रात्रीच त्यांना घेऊन गेले होते. सहा माणसं एका खोलीत, सातव्या त्या. दुपारी त्या घरातल्या काकांनी आवारात, मोकळ्यावर, गॅसची ग्रिल लावली. मी तांदूळ, मुगाची डाळ, हळद आणि तो न फोडलेला क्रेट घेऊन उतरलो. आमच्या कुकरमध्ये तीन खेपा खिचडी झाली. आजी ब्लँकेटात गुंडाळून खुर्चीवर बसल्या होत्या. मला बघितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “नळ चालू ठेवलेत ना?”

ठेवले होते. आमचे पाइप फुटले नाहीत. त्यांच्याच घरातला फुटला, बाहेरच्या भिंतीतला. रात्री कधीतरी त्यांनी बंद केलेला नळ पुन्हा चालू करायला घरात कुणी नव्हतं.

मी माफी मागितली नाही. कशाबद्दल मागतोय हे त्यांना समजावून सांगावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य नव्हतं. बुधवारी रात्री वीज आली.

२०२२ मध्ये आम्ही परत आलो. आता वटारच्या घरातूनच काम करतो. दर मे महिन्यात आईची आगोटीची तयारी बघतो आणि मला ते दुकान आठवतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. त्याआधी इकडे वर्षानुवर्षं बेगमी होते. कांद्याच्या माळा वाशाला टांगायच्या, वाल, तांदूळ, मसाला, चिंच, मीठ, पापड, सरपण, आणि सुके बोंबील (माळकरी मंडळींनी हा शब्द गाळून वाचावा). माझ्यासारखीच तीही मोजते. पण घरात माणसं पाच आणि माप सातचं. लहानपणी विचारलं होतं, हे दोघं कोण? “आल्यागेल्याचं,” म्हणाली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, गाड्या बंद पडल्या, मी ऑफिसात अडकलो, घरी दोन दिवस वीज नव्हती. तेव्हा मागच्या चाळीतल्या भाडेकरूंची पोरं त्या दोन मापांवर जेवली. मला कुणी सांगितलंही नाही. एका पोराने नंतर सहज उल्लेख केला म्हणून कळलं.

आमच्या पट्ट्यातली बावखलं ही अशीच बेगमी. पावसाचं गोडं पाणी साठवायची तळी, वाडीला पाणी, विहिरींना पाझर, आणि खारं पाणी थोपवायला आधार. त्यातली कितीतरी बुजवून वर इमारती आल्या. पूर आला तेव्हा अनेकांनी त्याकडे बोट दाखवलं. बुजवणाऱ्यांत आमच्याच नात्यातली माणसं आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

एक शंका उरते आणि ती मी लपवत नाही. पाणी खरंच एकच बाटली असती, आणि माझी पोर आणि खालच्या आजी असत्या, तर? तिसऱ्या अध्यायात भगवंत फार कडक आहेत: जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पाप खातात, असं सांगतात. तिथे ‘घरात लहान मूल असेल तर सवलत’ असं नाही. पण पक्षीणही आधी आपल्याच पिल्लांकडे येते. मला उत्तर येत नाही. एवढंच माहीत आहे की त्या सोमवारी माझ्यावर ती वेळ आली नव्हती. क्रेट दोन होते. मी एका बाटलीच्या प्रश्नाआड लपलो होतो.

तर मामेभावाला मी काय सांगितलं? रांगेत उभा राहा. पाणी घे, पण शेल्फवरचं शेवटचं घेऊ नकोस. न शिजवता खाता येईल असं काहीतरी घे. टब भर, नळ सोड, सिंकखालची दारं उघड, फोन आणि पॉवर बँक आत्ता चार्जला लाव, गाडीत पेट्रोल भर. आणि हो, नामही घे, रांगेत वेळच वेळ असतो.

आई मागे बसून वाल सोलत होती. तिने फोन स्पीकरवर करायला लावला. “बाळा, शेजारी कोण आहे तुझ्या?”

तो म्हणाला, “आत्या, खरं सांगू, माहीत नाही. थांब, बघून येतो.”

तासाभराने मेसेज आला. दोन दारं वाजवली. एक नायजेरियन मुलगा आहे, त्याच्याकडे गॅसची छोटी शेगडी आहे, दोघं मिळून स्वयंपाक करणार आहेत. दुसरं दार उघडलं नाही. आत टीव्हीचा आवाज येत होता. सकाळी पुन्हा वाजवतो म्हणाला.

उद्या श्लोक २३.